खाडी-निरीक्षण (कोकण)

खाडीच्या पाण्याची प्रत व तेथील जीवसृष्टीची अवस्था ठरावीक काळाने मोजून नोंदविण्याची पद्धत. ठाणे, धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या कोकणातील प्रमुख खाड्या होत.

समुद्रशास्त्रज्ञ प्रिचर्ड यांच्या व्याख्येप्रमाणे (१९६७) समुद्राशी खुला संबंध असलेल्या आणि समुद्राचे पाणी नदीच्या पाण्याने मोजण्याइतपत सौम्य झालेल्या अर्धबंदिस्त जलभागास नदीमुख म्हणतात. कोकणातील खाड्यांत ही अट पावसाळ्यात व त्यानंतर काही काळच नीट पुरी होते. आषाढ-श्रावणात पुराचे गोडे पाणी पार मुखापर्यंत रेटते; चैत्र-वैशाखात खारे पाणी बरेच आत चढते आणि खालच्या भागात क्षारता समुद्राइतकी, म्हणजे दर हजारी सुमारे ३५ होते. म्हणून काही अभ्यासक ‘मोसमी नदीमुख’ असा वेगळा वर्ग मानतात. निरीक्षणासाठी तोच अधिक उपयोगी ठरतो, कारण वार्षिक सरासरी इथल्या कोणत्याच महिन्याची खरी स्थिती दाखवत नाही. दाभोळ खाडीत उतरणाऱ्या वाशिष्ठी नदीची गोष्ट निराळी. कोयना प्रकल्पात वीज निर्माण करून सोडलेले पाणी १९६० च्या दशकापासून तिला भर उन्हाळ्यातही मिळते. तिची तुलनेसाठीची मूळ स्थिती त्याआधीची धरावी की नंतरची, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. नंतरची धरणे व्यवहार्य दिसते.

नमुना भरतीचा की ओहोटीचा, उधाणाचा (मोठ्या भरती-ओहोटीचा) की भांगेचा (लहान भरती-ओहोटीचा), हे न नोंदवता दिलेला आकडा निरर्थक होय. विरघळलेला प्राणवायू विंक्लर पद्धतीने मोजताना बाटली बुडबुडा न राहू देता भरतात आणि होडीतच मँगनीज क्षार व अल्कधर्मी आयोडाइड घालतात. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर पाणी गुदमरलेले. स्नान व व्यापारी मासेमारीच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला किमान ४ मिग्रॅ. किंवा संपृक्ततेच्या (पाण्यात मावू शकणाऱ्या कमाल प्राणवायूच्या) ५० टक्के, यांपैकी जे जास्त ते. ३० अंश सेल्सिअसच्या खाऱ्या पाण्यात मुळात सहाच्या आसपास मिग्रॅ. मावतो, तेव्हा उन्हाळ्यात हाताशी फार शिल्लक नसते.

तळाच्या चिखलातील कृमी व शिंपले चाळून मोजतात. ओहोटीला कालवे, तिसऱ्या असे खाण्याचे शिंपले काढणाऱ्या बायकांना यांतील घट लवकर जाणवते. त्यांच्या सांगण्याला तक्त्यात रकाना हवा.

ठाणे खाडीचे रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले व २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आले. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर शेवाळ वाढते आणि रोहित पक्षी सूक्ष्म शेवाळ खातात. त्यामुळे केवळ त्यांची संख्या पाण्याच्या स्वच्छतेचा पुरावा मानता येत नाही.