शाकाहारी माणसाच्या मेंदूत डुकराचा जंत कसा पोहोचतो?

मुलाला फिट येते, एमआरआय होतो आणि रिपोर्टवर ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’, म्हणजे मेंदूत जंताच्या अळीची गाठ, असं लिहून येतं. हा जंत म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, टेपवर्म, असं समजल्यावर घरचे चक्रावतात. ‘अहो, आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही!’

त्यांचं म्हणणं खरं असतं आणि निदानही खरं असतं, कारण ‘टीनिया सोलियम’ हा जंत माणसाला दोन वेगळ्या वाटांनी गाठतो. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातली अळी पोटात गेली, तर ती आतड्याला चिकटते आणि दोनेक महिन्यांत तिचा काही मीटर लांबीचा जंत होतो. १८५५ साली क्यूशेनमायस्टर या जर्मन डॉक्टरनं फाशीच्या कैद्याला अशा अळ्या खाऊ घातल्या आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यात कोवळे जंत शोधून काढले. आज कुणी हे केलं तर तुरुंगात डॉक्टरच जाईल. पण वाट सिद्ध झाली.

या जंताचा त्रास बहुतेकांना जाणवतही नाही. खरा घोटाळा त्याच्या अंड्यांचा. ती शौचावाटे बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातातून, दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथं अंड्यातून निघालेली अळी आतडं भेदून रक्तावाटे स्नायूत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसते. डुकराचं मांस वर्ज्य असलेल्या न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांत हा आजार निघाल्याचं १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. संशय घरकामाला येणाऱ्या व्यक्तींच्या पोटातल्या जंतावर गेला. नाशिककर मिसळीवर, पोह्यांवर मूठमूठ कोथिंबीर पेरतो. ती जुडी नुसती झटकून चिरू नये, वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी, ती यासाठी.

काळ्या मसाल्याच्या मटणाला मात्र उगाच बदनाम करू नका. हा जंत शेळी-मेंढीत वाढून माणसात येत नाही, आणि कुकरच्या शिट्ट्यांपुढे कुठलीच अळी टिकत नाही. मटणात टॉक्सोप्लाझ्मा हा वेगळा परजीवी असू शकतो. म्हणून गरोदर बाईनं आतून कच्चट राहिलेला सीक कबाब टाळावा. खिमा ७१ अंशांपर्यंत आतून तापायला हवा. वरून करपलेला तुकडा आतून शिजलेला असेलच असं नाही.

पोटातल्या जंताचं निदान साधं आहे, फक्त लोकांना शौचाची डबी लॅबमध्ये न्यायची लाज वाटते. अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून नमुने वेगवेगळ्या दिवशी द्यावे लागतात. गंमत म्हणजे गाईगुरांच्या आणि डुकराच्या पट्टकृमीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखी दिसतात. जंताचा पांढरट, चपटा तुकडा मिळाला, तर तो दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून त्यातल्या गर्भाशयाच्या फांद्या मोजतात. एका बाजूला ७ ते १३ असतील तर बहुधा डुकराचा, त्याहून बऱ्याच जास्त असतील तर गुरांचा. औषध प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइड, तेही बहुधा एकाच डोसात. एक ते तीन महिन्यांनी शौच पुन्हा तपासतात.

मेंदूतल्या गाठीचा मामला उलटा. स्कॅनवर गोल कड्यात अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला की निदान पक्कं होतं. तो नसेल तर क्षयाच्या गाठीशी गल्लत होऊ शकते. औषध बहुधा अल्बेंडाझोल, म्हणजे शाळेत जंतनाशक दिनाला मिळते तीच गोळी, पण वजनाप्रमाणे मोजून, बरेच दिवस. जिवंत अळी बराच काळ गुपचूप पडून राहते. ती मरायला लागली की शरीर तिच्यावर तुटून पडतं आणि मेंदूला सूज येते. म्हणून आधी स्टेरॉइड सुरू करतात, फिटचं औषध देतात आणि डोळेही तपासतात. डोळ्यात अळी असेल तर ती मरताना नजर जाऊ शकते. गाठीचा चुना झाला असेल, तर अळी मेलेलीच असते आणि जंताचं औषध लागत नाही, फिटचं लागतं. मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी आणून हा आजार हाताळणं मला तरी धोक्याचंच वाटतं.

आणि पेशंटबरोबर घरातल्या सगळ्यांचं, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचंही, शौच तपासून घ्यावं. अंडी टाकणारा जंत त्यांच्यापैकी कुणाच्या तरी पोटात असू शकतो, आणि त्याला एक डोस पुरतो.