हिमतुषाराने काळी पडलेली केळ मेलेली नसते
थंड देशांतल्या बागेत पहिल्या हिमतुषाराने केळ काळी पडली की ती मेली, म्हणून उपटून टाकावी, असा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या बागांत लावल्या जाणाऱ्या मुसा बासजू या काटक केळीबाबत तरी तो खरा नाही. पाने हिमतुषाराने करपतात हे खरे. पण ज्याला आपण खोड म्हणतो ते एकमेकांत घट्ट बसलेल्या सोपटांचे, म्हणजे पानांच्या तळच्या आवरणांचे असते आणि झाडाचे खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद, ज्यातून पुढे मुनवे, म्हणजे बाजूची पिल्लेही फुटतात.

खात्री करण्यासाठी हिवाळा सरल्यावर धारदार सुरीने खोड वरून थोडेथोडे कापत खाली यावे. तपकिरी, लिबलिबीत भाग संपून पांढरा, घट्ट गाभा लागला, तर त्याच कापलेल्या तोंडातून काही दिवसांत नवा पोंगा, म्हणजे गुंडाळलेले कोवळे पान, वर सरकताना दिसतो. तळापर्यंत मऊच लागले, तरी कंद टणक असल्यास उन्हाळा लागेपर्यंत थांबावे. घाईने कुदळ मारणे हेच खरे नुकसान. कंदावर पेंढ्याचा जाड थर अवश्य द्यावा, मात्र पाणी साचू देऊ नये, कारण गारठलेल्या ओल्या मातीत कंद कुजतो. खाण्याच्या कॅव्हेंडिश केळीला हा भरवसा लागू नाही. ती कुंडीत लावून घरात घ्यावी.