फोकस स्टॅकिंग सॉफ्टवेअर

फोकस स्टॅकिंग सॉफ्टवेअर : एकाच वस्तूचे, पण फोकस थोडाथोडा पुढे सरकवत काढलेले अनेक फोटो घेऊन, प्रत्येकातला तेवढा सुस्पष्ट भाग वेचून त्यांचा एकच फोटो जुळवणारे सॉफ्टवेअर. अशा फोटोंच्या संचाला ‘स्टॅक’ म्हणतात. मॅक्रो छायाचित्रणात (लहान वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढण्यात) आणि सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंसाठी त्याचा वापर सर्वाधिक होतो.

वस्तूच्या जितके जवळ जावे तितकी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी, झपाट्याने आटते. सेन्सरवरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची) प्रतिमा वस्तूइतकीच मोठी असताना (१:१) फुल-फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर एफ/८ ला ती जेमतेम १ मिमी असते (‘एफ’चा आकडा जितका मोठा तितके अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, बारीक). पाचपट मोठ्या प्रतिमेला एफ/२.८ वर ०.०५ मिमीसुद्धा उरत नाही. मुंगळ्याचे डोके समोरून टिपताना डोळ्यावर फोकस केला तर जबडा धूसर होतो आणि जबड्यावर केला तर डोळा हरवतो. अ‍ॅपर्चर बारीक करून हे सुटत नाही, कारण प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरत असल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. म्हणून लेन्स जिथे सर्वांत तीक्ष्ण असते ते अ‍ॅपर्चर धरायचे आणि पुष्कळ फोटो काढायचे. दोन फोटोंमध्ये ०.०३५ मिमी अंतर ठेवले, तर २ मिमी खोलीच्या डोक्यासाठी साठेक फोटो लागतात. एवढे बारीक अंतर हाताने राखता येत नाही. त्यासाठी कॅमेरा मोटरने सरकणाऱ्या रेलवर बसवतात.

सॉफ्टवेअरचे पहिले काम जुळवणीचे. कॅमेरा सरकला किंवा फोकस रिंग फिरली की वस्तूचा आकार फोटोगणिक किंचित बदलतो. म्हणून प्रत्येक फोटो सरकवून, फिरवून, लहानमोठा करून आधीच्या फोटोवर बेतला जातो. उजेडातला फरकही सारखा केला जातो. सेन्सरवर धुळीचा एखादा कण असेल तर त्याची खोड इथेच कळते. वस्तू जागेवर राहते, पण कण प्रत्येक फोटोबरोबर थोडा सरकतो आणि तयार फोटोत एका डागाऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. स्टॅक सुरू करण्यापूर्वी सेन्सर साफ करणे म्हणूनच फार गरजेचे आहे.

खरा प्रश्न त्यानंतरचा : या ठिकाणी कोणत्या फोटोतला भाग घ्यायचा? याची दोन प्रमुख उत्तरे आहेत. डेप्थ मॅप पद्धतीत प्रत्येक बिंदूपाशी कोणता फोटो सर्वांत स्पष्ट आहे हे शोधून खोलीचा नकाशा बनवतात आणि त्यानुसार भाग उचलतात. रंग आणि पोत मूळ फोटोसारखे राहतात. भुंगेऱ्याच्या गुळगुळीत पाठीला ही पद्धत शोभते. पण एका केसामागून दुसरा केस जात असेल, तर एका जागी दोन खोल्या असतात आणि नकाशा गोंधळतो. तिथे पिरॅमिड पद्धत लागते. तिचा पाया म्हणजे बर्ट आणि अ‍ॅडेलसन यांनी १९८३ मध्ये मांडलेला लाप्लासियन पिरॅमिड. प्रतिमेचे ढोबळ ते अतिबारीक असे थर पाडायचे, प्रत्येक थरात सर्वांत ठळक तपशील ठेवायचा आणि थर पुन्हा एकत्र करायचे. कोळ्याच्या पायांवरचे एकमेकांवर आलेले केस यात सुरेख उतरतात. मात्र नॉइजही (फोटोतले नको असलेले दाणेही) ‘तपशील’ म्हणून साठत जातो आणि कॉन्ट्रास्ट वाढतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या रिचलंडचे रिक लिटलफील्ड यांच्या झेरीन स्टॅकरमध्ये या पद्धतींना डीमॅप व पीमॅक्स अशी नावे आहेत. युक्रेनमधील खार्किव्हच्या कंपनीचे हेलिकॉन फोकस ए, बी, सी अशा तीन पद्धती देते. बी म्हणजे डेप्थ मॅप, सी म्हणजे पिरॅमिड. अ‍ॅलन हॅडली यांच्या मोफत कंबाइनझेडपीवर अनेक हौशी छायाचित्रकार हे तंत्र शिकले. फोटोशॉपमध्ये ही सोय सीएस४ पासून (२००८) आहे. ती थोड्या फोटोंना पुरते, पण केसाळ किड्याच्या शंभर फोटोंसाठी खास सॉफ्टवेअरच घ्यावे.

कारण या सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोलाची सोय म्हणजे रिटचिंग. अनुभवी लोक एकच स्टॅक दोन्ही पद्धतींनी काढतात. पाठ, डोळे, पंख डीमॅपमधून घेतात. जिथे कडेभोवती धूसर वलय (हेलो) आले असेल तिथे पीमॅक्समधला भाग ब्रशने रंगवतात आणि तेही फसले तर नेमका एखादा मूळ फोटो निवडून त्यातला केस उतरवतात. या कामात तास सहज जातात. चांगल्या आणि अप्रतिम मॅक्रो फोटोतला फरक बहुतेक वेळा याच तासांत पडतो.

जिवंत कीटक ही सर्वांत अवघड कसोटी. मिशी मध्येच हलली तर तयार फोटोत दोन मिश्या दिसतात. म्हणून पहाटेच्या गारव्यात, कीटक सुस्त असताना, हातात कॅमेरा धरूनच आठ-दहा फोटोंचे छोटे स्टॅक काढतात. फोकस आपोआप सरकवण्याची सोय आता कॅमेऱ्यांतही आली आहे. निकॉन डी८५० (२०१७) सलग ३०० पर्यंत फोटो काढतो. ऑलिंपसच्या ई-एम१ ला २०१५ च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरने) आठ फोटो कॅमेऱ्यातच एकत्र करण्याची सोय दिली.

२०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या हातावरचा माहली कॅमेराही खडकांचे असे आठपर्यंत फोटो तिथल्या तिथे एकत्र करतो. पृथ्वीवर पाठवायची माहिती कमी व्हावी म्हणून, आठ फोटोंऐवजी एक जुळवलेला फोटो आणि एक खोलीचा नकाशा एवढेच तो धाडू शकतो.