खाली जाळे होते, तेव्हा आधी वरचा दोरा तपासा

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या घरगुती शिलाई मशीनबरोबर बहुतेक वेळा एकच तक्रार येते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते, दोन-चार टाक्यांत मशीन अडते आणि कापड ओढून काढू गेले तर सुई वाकते. तक्रार सांगतानाच ग्राहक बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते ती डबी, काढून आमच्या हातात देतात. गुंता खाली दिसतो, म्हणजे बिघाडही खालीच असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या तक्रारीत दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. हे माहीत नसल्यामुळे खालच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा बॉबिन केसचा स्क्रू फिरवला जातो आणि पाच मिनिटांचे काम दोन दिवसांचे होऊन बसते. हे माहितीपत्रक मुख्यतः तेवढ्यासाठीच छापले आहे.

टाका कसा पडतो ते एकदा लक्षात घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. सुई वरचा दोरा खाली नेते, खालचा हूक त्या दोऱ्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतो आणि वर-खाली होणारा दांडा तो फास पुन्हा वर ओढून घेतो. दोन्ही दोऱ्यांवर योग्य ताण असेल तर त्यांची गाठ कापडाच्या जाडीत, मधोमध बसते. वरच्या दोऱ्यावर ताणच नसेल, तर दांडा वर जाताना खालचा फास ओढण्याऐवजी रिळातलाच सैल दोरा ओढतो. फास खालीच राहतात आणि त्यांचेच जाळे होते.

वरच्या दोऱ्यावरचा ताण का नाहीसा होतो? बहुतेक वेळा दोरा ओवताना प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असतो म्हणून. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे दोरा त्यांच्या मध्ये न शिरता वरच्या वर राहतो. बाहेरून पाहिले तर दोरा अगदी बरोबर ओवलेला दिसतो आणि म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. फूट वर उचलला की चकत्या सैल होतात आणि दोरा आत जाऊन बसतो. यासाठी दोरा नेहमी फूट वर करून आणि चाक आपल्याकडे फिरवून, दांडा सर्वांत वर आणून ओवावा. दांड्याच्या छिद्रातून दोरा घालायचा राहिला, तरी असेच जाळे होते.

खात्री करण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सुईत दोरा ओवण्यापूर्वी त्याचे टोक हातात धरून फूट वर असताना हलकेच ओढावे. दोरा सहज सरकला पाहिजे. मग फूट खाली करून पुन्हा ओढावे. आता हाताला स्पष्ट अडकल्यासारखे लागले पाहिजे. दोन्ही वेळा दोरा सारखाच सैल येत असेल, तर तो चकत्यांत बसलेलाच नाही. तो पूर्ण काढून पुन्हा ओवावा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोके फूटच्या मागे घेऊन पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत धरून ठेवावीत.

एवढे करूनही टीप चांगली पडत नसेल, तर सुती कापडाच्या दुहेरी तुकड्यावर वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून वीतभर टीप मारावी. लाल दोरा खालच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसला, तर वरचे टेन्शन सैल आहे. ते अर्ध्या आकड्याने वाढवावे. पांढरा दोरा वर आला, तर वरचे टेन्शन कमी करावे. या परीक्षेनंतरच बॉबिनकडे वळावे.

बॉबिनमध्येही स्क्रूआधी पाहण्यासारखे पुष्कळ असते. बॉबिन सैल किंवा एका बाजूला फुगीर भरली असेल, तर कोणत्याही टेन्शनवर टाका एकसारखा येत नाही. दोरा केसच्या फटीतून, तो दाबून धरणाऱ्या पट्टीखाली गेला आहे का, पट्टीखाली कापडाची लव अडकली आहे का, तेही पाहावे. कापसाची एवढीशी गोळीसुद्धा पट्टी उचलून धरते आणि खालचा ताण जातो. लव ब्रशने काढावी, तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीने ती आणखी आत जाते आणि ओलावाही बसतो. पावसाळ्यात मशीन बरेच दिवस बंद राहिली, तर केसवर आणि सुईवर गंज चढतो. तेथे दोरा घासून तुटतो. वरून बॉबिन बसवायच्या झिगझॅग मशीनमध्ये जुन्या काळ्या मशीनची लोखंडी बॉबिन घालू नये. दोन्ही बॉबिन दिसायला सारख्या असल्या, तरी उंचीतला थोडासा फरकही टाका बिघडवतो.

सुईबद्दल थोडक्यात सांगायचे, तर रुबियाच्या अस्तराला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४ आणि जीन्सला १६ नंबर वापरावी. सुईची लांब खाच नेहमी दोरा ओवण्याच्या बाजूला आणि वरची सपाट बाजू तिच्या विरुद्ध यावी. मशीन टाके सोडू लागली की आधी सुई बदलावी. सात-आठ तास शिवणकाम झाले की ती तशीही बदलण्याजोगी होते.

आता त्या स्क्रूविषयी. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक धातूच्या बॉबिन केसच्या स्क्रूवर आम्ही लाल नेलपॉलिशचा ठिपका लावतो. ठिपका तुटला म्हणून आम्ही सेवा नाकारत नाही. स्क्रू हलला आहे की नाही, एवढेच त्यावरून कळते आणि शोध कुठून सुरू करायचा ते ठरते. स्क्रू फिरवावाच लागला, तर पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये. दोऱ्याला धरून भरलेली केस लोंबती ठेवली असता ती आपोआप खाली सरकू नये आणि हाताला हलका हिसका दिल्यावर थोडी उतरून थांबावी, म्हणजे ताण योग्य आहे.

केवळ दोरा चुकीचा ओवलेला निघाला, तरी आम्ही तपासणीचे शुल्क घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. त्या शुल्कात आम्ही हूक उघडून साफ करतो, तेल देतो, टीप मारून दाखवतो आणि आपल्याकडून दोरा ओववून घेतो, जेणेकरून त्याच कारणासाठी पुन्हा फेरी पडू नये. फोनवरून आम्ही टेन्शनचा आकडा सांगत नाही, कारण दोरा आणि कापड पाहिल्याशिवाय सांगितलेला आकडा अंदाजच ठरतो.

मशीन आणताना नेहमीचे रीळ, वापरातल्या सगळ्या बॉबिन आणि ज्यावर त्रास होतो त्या कापडाचा तुकडा बरोबर आणावा. झालेले जाळे कापून टाकू नये, तसेच आणावे. त्याकडे पाहून आम्हाला बरेच काही कळते. आपल्या मॉडेलला बसणाऱ्या बॉबिन आणि सुया दुकानात सुट्या मिळतात. मापाची शंका असेल, तर जुनी बॉबिन घेऊन यावे. शेजारी ठेवून मोजल्याशिवाय आम्ही नवीन देत नाही.