ज्वाळा, कोळसा, राख : समकालीन कलेतील अग्नीची विदर्भातून दिसणारी पार्श्वभूमी

गेल्या साठ-सत्तर वर्षांत कलेतील अग्नीचे स्थान मुळापासून बदलले आहे. त्यापूर्वी चित्रकार ज्वाळा रंगवत असे आणि शिल्पकार ती दगडात किंवा धातूत कोरत असे. आता अनेक कलावंत प्रत्यक्ष आगीकडूनच काम करून घेतात, कागद होरपळवतात, लाकूड कोळपवतात, बारूद पेटवतात, आणि प्रेक्षकांपुढे येतो तो आग विझल्यानंतरचा काळा डाग, कोळसा किंवा राख. या बदलाचा इतिहास सहसा पॅरिस आणि रोमपासून सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. जाळण्यासाठीच मूर्ती घडवण्याची रीत जिथे दरवर्षी पाळली जाते आणि जिथे शेताखालच्या थरांत कोळसा आहे, त्या विदर्भातल्या खेड्यांतून पाहिले, तर समकालीन कलेतील अग्नीचा अर्थ मला ज्वाळेपेक्षा तिच्या अवशेषांत अधिक स्पष्ट दिसतो.

आगीशी या प्रदेशाचे नाते फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाण काळातील वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली असून तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. पुढे वाकाटक राजांनी आपल्या ताम्रपटांतून अग्निष्टोम, वाजपेय आणि अश्वमेध यज्ञांचा अभिमानाने उल्लेख केला. वैदिक यज्ञात अग्नीची मूर्ती नसते, प्रत्यक्ष अग्नीच असतो. त्याला दोन मुखे, सात जिभा आणि मेंढ्याचे वाहन देणारी मूर्तिकला नंतरची आहे. चोळकालीन नटराजाच्या डाव्या हातातील ज्वाळा आणि कृष्ण वणवा गिळतो तो प्रसंग दाखवणारी पहाडी चित्रे ही त्याच परंपरेची ठळक उदाहरणे होत. तिथे आग देवाच्या हातात किंवा मुखात असते, म्हणजे ती ताब्यात असते. आजच्या कलेत ही खात्री उरलेली नाही.

परंतु माझ्या मते समकालीन कलेला अधिक जवळची परंपरा देवळात नाही, वेशीबाहेर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व विदर्भात मारबत, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेण्यासाठी घडवलेली प्रतिमा, निघते. नागपुरातील काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगितले जाते. शहराच्या मिरवणुकीची ख्याती मोठी असली, तरी खेड्यापाड्यांतही त्या दिवशी मारबत काढली जाते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, त्यावर रंग, अशी ही आकृती अनेक हातांनी घडते. तिच्यासोबत बडगे, म्हणजे टीकेसाठी केलेले पुतळे, असतात आणि त्यांवर त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, एखादे बदनाम राजकारण यांची नावे चढवली जातात. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असा घोष करत ती वेशीबाहेर नेली जाते आणि जाळली जाते. घडवणाऱ्यांना पहिल्या कामटीपासून ठाऊक असते की ही वस्तू टिकवायची नाही. तिचे जळणे हाच तिच्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतःला नष्ट करणाऱ्या कलाकृतीची कल्पना युरोप-अमेरिकेत नवी म्हणून मांडली गेली, तेव्हा ही रीत येथे अनेक पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

होळीच्या चाकोल्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यांना कोणी कला म्हणत नाही. होळीच्या काही दिवस आधी लेकरे आणि बाया शेण मळून त्याच्या लहान चपट्या चकत्या थापतात, प्रत्येकीच्या मधोमध बोटाने भोक पाडतात, काहींना चंद्र, सूर्य, चांदणी असे आकार देतात आणि त्या अंगणात उन्हात वाळवतात. वाळल्यावर वजनाला हलक्या आणि कडेला भुरभुरीत झालेल्या या चकत्या सुतळीत ओवून माळ केली जाते आणि ती होळीला घातली जाते. बोटाचा ठसा, आकाराची निवड, माळेतला क्रम या साऱ्यांत करणाऱ्याची नजर दिसते. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्याची राख झालेली असते, आणि तीच राख कपाळाला लावली जाते.

विसाव्या शतकात या जुन्या क्रियेला राजकीय अर्थ मिळाला. विदेशी कपड्यांची होळी १९०५ मध्ये पुण्यात झाली आणि १९२१ मध्ये मुंबईत गांधीजींच्या उपस्थितीत झाली. कपाशीच्या मुलखाला या होळीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसणार; येथला कापूस बाहेर जाऊन कापड होऊन परत येत असे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. त्या दहनाने अग्नीच्या प्रतीकाची दिशाच उलटली, कारण ज्या अग्नीला साक्ष ठेवून जुनी समाजरचना पवित्र ठरवली जात होती, त्याच अग्नीच्या स्वाधीन तिचा ग्रंथ करण्यात आला. पुढे दलित साहित्यात आणि चळवळीच्या भित्तिचित्रांत मशाल, ठिणगी आणि वणवा वारंवार येतात, त्यामागे या घटनेचे बळ आहे. मात्र वारंवार वापरामुळे मशालीचे चित्र आज इतके सरावाचे झाले आहे की, ते पाहून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. गंभीर कलावंत ज्वाळेच्या चित्रापासून दूर गेले, त्याचे हेही एक कारण असावे.

अग्नीच्या प्रतीकाची एक बाजू मात्र अत्यंत क्लेशकारक आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांप्रमाणे विदर्भातही सतीशिळा आढळतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात आणि वर सूर्य-चंद्र, एवढेच बहुतेक शिळांवर कोरलेले असते. आग कोरलेली नसते. बाई जिवंत जळाली हे सत्य त्या शिळेतून काढून टाकलेले असते आणि उरतो तो गौरव. या पार्श्वभूमीवर चित्रकार नीलिमा शेख यांची १९८४ मधील ‘व्हेन चंपा ग्र्यू अप’ ही बारा लहान चित्रांची मालिका पाहावी. परिचयातील एका मुलीच्या वाट्याला आलेल्या प्रसंगावरून सुचलेल्या या मालिकेत खेळकर वयातली चंपा, तिचे लग्न, सासरचा छळ आणि शेवटी तिचे जाळले जाणे क्रमाने येते. हुंड्यासाठी सुना जाळल्या जात होत्या आणि वर्तमानपत्रांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ एवढीच ओळ छापून येत होती, तो हा काळ. विवाहितेच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ १९८३ मध्ये आणि हुंडाबळीचे कलम ३०४-ब १९८६ मध्ये दंडविधानात आले. ही चित्रे या दोन वर्षांच्या मधली आहेत. शिळेने जी आग लपवली, ती या चित्रांनी जुन्या लघुचित्रांच्या नाजूक भाषेत सर्वांसमोर आणली. अग्नीला शुद्ध करणारा मानण्याच्या सवयीवर यापेक्षा परखड भाष्य मला आपल्या चित्रकलेत दिसत नाही.

पाश्चात्त्य घडामोडी थोडक्यात सांगता येतील. इटलीतील आल्बेर्तो बुर्री हे मूळचे डॉक्टर होते आणि दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झाले होते. त्यांनी १९५० च्या दशकापासून लाकूड आणि प्लॅस्टिक जाळून ‘कोम्बुस्तियोने’ या नावाची चित्रे केली. ईव्ह क्लाइन यांनी १९६१ मध्ये फ्रान्समधील गॅस कंपनीच्या चाचणी केंद्रात मोठ्या गॅस-ज्योतीने पुठ्ठ्यावर चित्रे काढली आणि त्या वेळी पाण्याची नळी घेतलेला अग्निशामक शेजारी उभा होता. यानिस कुनेलिस यांनी १९६७ मध्ये लोखंडी फुलाच्या मध्यभागी गॅसची जिवंत ज्योत लावली. क्यूबात जन्मलेल्या आना मेंदिएता यांनी १९७० च्या दशकात स्वतःच्या देहाची आकृती मातीत कोरून त्यातील काही आकृती बारुदीने पेटवल्या. जर्मनीतील आन्सेल्म कीफर यांच्या जळक्या पुस्तकांमागे १९३३ मधील नाझींच्या ग्रंथदहनाची आणि युद्धाची स्मृती आहे. चीनमध्ये जन्मलेले त्साय ग्वो-च्यांग यांनी १९९३ मध्ये गोबीच्या वाळवंटात, चीनची भिंत जिथे संपते तिथून पुढे दहा हजार मीटरपर्यंत बारुदीची रेघ पेटवली. यांतील बहुतेकांच्या मनात महायुद्धाची किंवा अणुबॉम्बची आग आहे. आपल्याकडील कलावंतांसमोरची आग निराळी होती.

भारतात हिंमत शाह यांची जळक्या कागदाची कोलाजे ‘ग्रुप १८९०’ या कलावंतांच्या गटाच्या १९६३ मधील दिल्लीतील प्रदर्शनात होती. कागदाला विस्तवाने पाडलेली भोके आणि त्यांच्या तपकिरी कडा हेच त्या चित्रांतील रेखाटन. १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले आणि मंडल्याच्या जंगलात बालपण गेलेले सय्यद हैदर रझा यांनी पंचतत्त्वांच्या रंगांतून अग्नी अमूर्त पातळीवर नेला. शीला गौडा यांनी २००७ मध्ये उदबत्तीच्या लगद्याचे आकार जाळून त्यांची राख जशीच्या तशी मांडली. जितिश कल्लाट यांची २००३ मधील ‘पब्लिक नोटिस’ ही कृती येथे विशेष महत्त्वाची आहे. स्वातंत्र्याच्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी केलेले भाषण कल्लाट यांनी अॅक्रिलिकच्या आरशांवर रबराच्या चिकट द्रावाने अक्षर-अक्षर लिहिले आणि ती अक्षरे पेटवली. आगीने अक्षरे काळी पडली आणि उष्णतेने आरसा वाकला, त्यामुळे वाचायला उभा राहणारा माणूस आपलाच चेहरा वेडावाकडा झालेला पाहतो. २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर लगेचच्या वर्षी ही कृती झाली, हे लक्षात घेतले की जळालेल्या वाक्यांचे वजन कळते.

आता पुन्हा विदर्भाकडे येतो. वर्धा नदीच्या खोऱ्यात, वरोरा येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सरकारी कोळसा खाण सुरू झाली होती. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा, माजरी असा खाणपट्टा वाढत गेला आणि १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. ज्या आगीवर राज्यातील दिवे लागतात, ती बॉयलरमध्ये बंदिस्त असते. गावाला तिची ओळख पटते ती चिमणीचा धूर, राखेचे बांध आणि कपाशीच्या पानांवर बसलेला थर यांतून. खाणीतला उघडा पडलेला कोळसा तर हवेशी संयोग होऊन आपोआप तापतो आणि कोणी काडी न लावता धुमसू लागतो.

या पट्ट्यातील राजुरा तालुक्यातल्या सास्ती या गावी १९८६ मध्ये प्रभाकर पाचपुते यांचा जन्म झाला. त्यांच्या घरातील पिढ्यांनी कोळसा खाणीत काम केले आहे. खैरागड आणि बडोदा येथे शिल्पकला शिकलेल्या पाचपुते यांनी आपले मुख्य माध्यम म्हणून कोळसा निवडला आणि कलादालनांच्या भिंतींवर थेट कोळशाने माणसाहून मोठी चित्रे काढली. त्यांत डोक्याच्या जागी यंत्र किंवा दिवा असलेले खाणकामगार, अर्धे जनावर आणि अर्धे अवजार झालेली शरीरे, पोखरलेली आणि खचणारी जमीन दिसते. ज्वाळा जवळपास कुठेच नाही. चित्रकाराचा कोळसा म्हणजे हवा न लागू देता भाजलेली काडी, आणि खाणीतला कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षे दाबले गेलेले झाड. पहिला आगीतून निघालेला असतो, दुसरा आगीकडे निघालेला असतो. पाचपुते यांच्या भिंतीवर हे दोन्ही एकत्र येतात आणि अग्नीचे चित्र श्रमाचे चित्र होते. आग कोणासाठी पेटते, तिच्यासाठी जमीन कोणाची जाते आणि धूळ कोणाच्या फुफ्फुसात बसते, हे प्रश्न नटराजाच्या किंवा क्लाइनच्या आगीपुढे उभे राहिल्यावर आपल्याला सुचत नाहीत. चंद्रपूरच्या या चित्रांपुढे ते टाळता येत नाहीत, आणि समकालीन कलेला विदर्भाने दिलेली ही मोठी भर आहे असे मी मानतो.

या माध्यमाची मुळे आपल्याकडे खोल आहेत, हेही नोंदवले पाहिजे. जुन्या पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळीपासून बनत असे. रिद्धपूरसारख्या महानुभावांच्या स्थानी ज्या लिपिकारांनी मराठी गद्य उतरवून ठेवले, ते ज्योतीच्या अवशेषानेच लिहीत होते. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन ओसरीच्या भिंतीवर बैलजोडी काढणारे पोर आजही अनेक गावांत दिसते.

अलीकडे हवामानबदलाच्या निमित्ताने जंगलातील आगी जगभरच्या कलेत मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या आहेत. या चित्रांत आग प्रायः संहारक असते, आणि ते समजण्यासारखे आहे. मेळघाट, ताडोबा, गडचिरोली या भागांतील वणव्यांनी होणारी हानी प्रत्यक्ष आणि मोठी आहे. परंतु येथील लोकांचे आगीशी असलेले नाते याहून गुंतागुंतीचे आहे. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो आणि त्यातूनच कधी वणवा लागतो. वणवा पुढे सरकू नये म्हणून वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो, म्हणजे आगीला अडवण्यासाठी आधीच आग लावतो. शेतकरी पेरणीपूर्वी धुरे (शेताचे बांध) आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) पेटवतो. मोजून-मापून, वाऱ्याची दिशा पाहून, हातात हिरवी डहाळी घेऊन लावलेल्या या आगीत देवत्व नाही, बंड नाही आणि सर्वनाशही नाही. आहे ते कसब आणि जोखीम. कलादालनांत मी जे काम पाहिले आहे, त्यात अशी कामाची आग फारच थोड्या ठिकाणी आढळली. ती चित्रात आणण्यासाठी जे बारकावे लागतात, ते जाळरेषेवरचे वनमजूर, मोहफुले वेचणाऱ्या बाया आणि धुरे पेटवणारे शेतकरी यांच्याकडे आहेत, आणि कोळशाच्या बाबतीत सास्तीच्या चित्रकाराने जे केले, ते या आगीच्या बाबतीत व्हायचे आहे.