अंतर्मुखांचा व्यायाम संध्याकाळीच का चुकतो?

लिंबाच्या रसाचे चार थेंब जिभेवर टाकायचे आणि तोंडाला किती लाळ सुटते ते मोजायचे. १९६०च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी हा साधा प्रयोग केला, तेव्हा अंतर्मुख माणसांना सरासरीने जास्त लाळ सुटल्याचे दिसले. ब्रिटनमधले हान्स आयसेंक यांनी १९६७ मध्ये सविस्तर मांडलेल्या सिद्धान्ताशी ते जुळणारे होते. अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त उत्तेजित असतो, म्हणून आवाज, गर्दी आणि गप्पा त्यांना लवकर पुरे होतात, असे त्यांचे म्हणणे. मेंदूचे चित्र त्याहून गुंतागुंतीचे आहे हे पुढे कळले, तरी रोजची दिनचर्या आखायला हा विचार अजूनही उपयोगी पडतो.

आपल्याकडे अशा माणसाला घुमा, बुजरा, माणूसघाणा असे काहीही म्हणतात, आणि ते चूक आहे. बुजऱ्याला लोकांची भीती वाटते. अंतर्मुख माणूस लग्नात चार तास हसतखेळत वावरतो, पण घरी आला की त्याला कोणाशी एक शब्दही बोलवत नाही. (भीतीने छाती धडधडत असेल, माणसे टाळावी लागत असतील, तर मात्र दिनचर्या बदलून भागणार नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.)

‘रोज संध्याकाळी सातला चालायला जाईन’ हा संकल्प मोडतो तो इथेच. बैठका, फोन आणि भरलेली लोकल यांतून सातला घरी पोचलेल्या माणसाकडे पायांत बळ असते, पण आणखी काही झेलायची तयारी नसते. तो याला आळस समजून स्वतःला दोष देतो. खरे तर वेळ चुकलेली असते.

म्हणून चालणे दिवसातल्या पहिल्या संभाषणाच्या आधी उरकावे. ते जमत नसेल तर घरी आल्यावर आधी २० मिनिटे शांत बसावे, दिवा मंद आणि फोन दुसऱ्या खोलीत. रील पाहत पडणे ही विश्रांती नव्हे. दर काही सेकंदांनी नवा चेहरा आणि नवा आवाज येतच राहतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज साधारण २२ मिनिटे. शिवाय दोन दिवस स्नायूंसाठी: खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठबस आणि भिंतीला हात टेकून १० जोर, दोन्हींच्या दोन फेऱ्या. याला ना जिम लागते ना हास्यक्लब. बागेत दर दहा पावलांवर ओळखीचे भेटत असतील तर मागची गल्ली धरावी.

सवय घड्याळाला बांधू नये, आधीच्या कृतीला बांधावी: चहाचा कप विसळला की चपला पायात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात ९६ जणांनी अशीच एकेक सवय निवडली होती. ती अंगवळणी पडायला लागलेला मध्यक काळ ६६ दिवसांचा होता. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्यामुळे पाहुणे आले किंवा घरी गणपती बसले, तर पाच मिनिटांची फेरी पुरे. कप विसळण्याचा संकेत मात्र तोच राहू द्यावा.

कॉफीबाबत जरा जपून. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वेळेच्या दडपणाखाली भाषिक चाचणी सोडवताना कॅफीनमुळे अंतर्मुखांची कामगिरी घसरली, बहिर्मुखांची सुधारली. तेव्हा घाईच्या बैठकीआधी कॉफी टाळून पाहावी. कॅफीनचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्यातले अर्धे रात्री दहालाही अंगात असते.

एवढे वाचून कोणी माणसेच टाळू लागेल, तर तेही बरे नव्हे. मिसळल्यावर किती बरे वाटेल याचा अंतर्मुखांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. उलट २०१९च्या एका प्रयोगात आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख वागायला सांगितले, तेव्हा जास्त अंतर्मुख असलेल्यांना थकवा अधिक जाणवला. दोन्ही ध्यानात घेतले तर आठवड्यातून एक दिवस एकाच व्यक्तीबरोबर चालणे मला सर्वांत सोयीचे वाटते. निघतानाच ‘साडेसातला परत फिरू’ असे सांगून ठेवावे, म्हणजे मध्येच निरोप घेण्याचा संकोच राहत नाही.