शेतातील पतंग : किडींच्या यादीपासून विविधतेच्या मोजमापापर्यंत

शेतीशास्त्रात पतंग आले ते किडींच्या यादीतून. कापूस, मका, भात, हरभरा या पिकांचे नुकसान करणाऱ्या बहुतेक अळ्या पुढे पतंग होतात, त्यामुळे एकोणिसाव्या शतकात अभ्यास झाला तो प्रामुख्याने डोळ्यांवर येण्याजोगे नुकसान करणाऱ्या जातींचा. भारतातील कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी १८४० च्या दशकात गुलाबी बोंडअळीचे वर्णन केले, तेही याच रीतीने. त्याच शेतात रात्री उडणारे, पण पिकाला हात न लावणारे असंख्य पतंग मात्र कृषी कीटकशास्त्राच्या नजरेआडच राहिले.

हे चित्र बदलले ते काहीसे योगायोगानेच. हवामानाचा कीटकांच्या हालचालींवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात, बार्नफील्ड नावाच्या शेताच्या कडेला, प्रकाश सापळा, म्हणजे दिव्याकडे आलेले कीटक पकडणारा सापळा, लावला. चांदण्या रात्री सापळ्यात कमी पतंग येतात, ही त्यांच्या नोंदींतून पुढे आलेली एक गोष्ट. याहून मोलाचे निघाले ते जातवार आकडे. १९३३ ते १९३६ या चार वर्षांतील विश्लेषित नोंदींत २४० जातींचे १५,६०९ पतंग होते आणि त्यांपैकी ३५ जातींचा अवघा एकेक पतंग सापडला होता. थोड्या जाती विपुल आणि पुष्कळ जाती दुर्मीळ, या रचनेला संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी कॉर्बेट व विल्यम्स यांच्यासह १९४३ मध्ये सूत्रात बसवले. त्यातील ‘अल्फा’ हा विविधतेचा निर्देशांक नमुना लहान-मोठा असला तरी फारसा बदलत नाही. या पतंगांसाठी तो सुमारे ४० आला. आज वर्षावनांतील वृक्षांसाठीही वापरला जाणारा हा मापदंड शेताच्या बांधावरील दिव्यातून निघाला, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

विल्यम्स यांनी १९४६ ते १९५० या काळात, आणि एल. आर. टेलर यांनी १९६० पासून, त्याच जागी पुन्हा सापळा चालवला. तेव्हा पतंगांची संख्या आणि विविधता दोन्ही बरीच घटल्याचे आढळले, आणि संशोधकांनी त्याचा संबंध आसपासच्या शेतीच्या वाढत्या तीव्रतेशी जोडला.

दरम्यान पीकसंरक्षणाची वाट वेगळ्या दिशेने गेली. रसायनशास्त्रज्ञ ब्यूटेनांट यांच्या गटाने सुमारे पाच लाख रेशीम पतंगांपासून नराला आकर्षित करणारे मादीचे गंधद्रव्य वेगळे करून १९५९ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि पुढे अशा गंधाने नर पकडणारे कामगंध सापळे शेतोशेती पोहोचले. फवारणीची वेळ ठरवण्यास ते उत्तम. परंतु एका सापळ्यात बहुतांशी एकाच जातीचे नर येत असल्याने शेतातील विविधतेविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

निरुपद्रवी पतंगांचे महत्त्व पुढे वेगळ्या अंगाने लक्षात आले. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी किडींसह अनेक जातींच्या पतंगांच्या अंड्यांत वाढते आणि ती अंडी नष्ट करते. त्यामुळे मुख्य कीड विरळ असताना तणांवरील पतंगांची अंडी तिला आधार देऊ शकतात. अनेक पतंग परागवहन करतात, तर त्यांच्या अळ्या पक्ष्यांचे खाद्य ठरतात.

मोजणीतील जुनी अडचण मात्र कायम आहे. दिव्याकडे आलेला पतंग त्याच पिकावर वाढला की बांधापलीकडच्या झुडपावर, हे सापळा सांगू शकत नाही. म्हणून पीक आणि तण यांवरील अळ्या गोळा करून पतंग होईपर्यंत पाळाव्या लागत, आणि त्यातल्या अनेक मधेच मरत. हेबर्ट यांच्या गटाने २००३ मध्ये डीएनए बारकोडिंगची, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याची, पद्धत मांडली, तेव्हा तिची एक चाचणी पतंग-फुलपाखरांच्या दोनशे जातींवर घेतली होती. संदर्भसंग्रहात त्या जातीची नोंद असेल, तर आता पानावरची अळी न पाळताही ओळखता येते.